उचकटतं का?

"नाही म्हणजे नाही. पत्रा नको," आमचे वडील म्हणाले.

माझा धाकटा भाऊ मुकुंद घरापुढच्या खळ्याच्या कोपऱ्यात गडग्याच्या दगडांवर एक पाय देऊन उभा होता. वादळानं सगळे टॉवर आडवे केले होते आणि त्या एका जागेवरच काय तो फोन लागायचा. सकाळपासून खटपट करून आत्ता कुठे दापोलीचा पत्रेवाला सापडला होता. मुकुंदनं फोनवर हात ठेवला.

"अण्णा, परवा गाडी येतेय. आत्ता हो म्हटलं तर आपला नंबर लागतो. अख्खा तालुका रांगेत आहे हो!"

"असू दे रांगेत."

"अहो, पण का?"

खळ्यात पडलेल्या ढिगातून अण्णा न फुटलेली कौलं वेचत होते. एकेक कौल उचलायचं, बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचं, धड निघालं तर तुळशीपाशी रचायचं. वादळ झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. मी ओटीवर आईच्या खाटेशी उभी राहून ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीनं वर ढकलत होते, आणि माझं डोकं असं तापलं होतं की तीच काठी घेऊन खळ्यात उतरावं आणि रचलेली सगळी कौलं फोडून टाकावीत.

मी तशी पहिल्यापासून फटकळ. माहेरी-सासरी सगळ्यांना माहीत आहे. पण तेव्हा माझ्या जागी दुसरी कुणी गरीब गाय असती तरी तिनं शिंगं उगारली असती.

आईला पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी मे महिन्यातच सरळ सांगून टाकलं, आता घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. आईनं ते आमच्याआधी ओळखलेलं. "मला माझ्या घरात जाऊ दे," एवढंच तिचं मागणं. म्हणून मी चिपळूणहून रजा टाकून आले, मुकुंद पुण्याहून आला. तिला घरात आणून जरा टेकतोय तोच ते वादळ आलं. दुपारभर घर थरथरत होतं, आणि वारा पडल्यावर बघतो तर ओटीवर छप्पर नाही. आईच्या खाटेवर थेट आभाळ. मागे चुलीकडे थोडी कौलं तगली होती, पण तिथे खाट वळवायलासुद्धा जागा नव्हती.

गावातली निम्मी माणसं शाळेत राहायला गेली. आईला उचलायला चौघं आले तर तिनं खाटेचा दांडा धरून ठेवला. अंगात काडीची ताकद नव्हती, पण बोटं सोडवेनात.

"मला हलवू नका. जायचं ते इथनंच."

मग काय करणार? चार बांबू उभे करून वर निळी ताडपत्री बांधली. पाऊस लागला की ताडपत्रीला पोट सुटायचं. काठीनं ढकललं की पाणी भसकन कुठल्यातरी कडेनं यायचं, कधी पायाशी, कधी उशीशी. चादर बदलायची, बादली सरकवायची, पुन्हा काठी घ्यायची. आईला थंडी वाजायची आणि थंडीनं पोटातली कळ वाढायची. असं माणूस डोळ्यांसमोर, आणि तिचा नवरा म्हणतो पत्रा नको. सांगा, डोकं फिरेल की नाही?

खेडेकर म्हणून एक पत्र्याची कामं करणारा होता. मुकुंदनं त्याची मनधरणी करून त्याला घरी आणलं. त्यानं टेप लावून मापं घेतली. अण्णा त्याच्या मागे मागे फिरत होते. शेवटी विचारलं,

"एकदा बसवला की उचकटतो का?"

"छ्या!" खेडेकर हसला. "स्क्रूनं पिळून बसवतो आम्ही. आणि पत्रा आढ्यापासून पन्हळीपर्यंत अखंड. अण्णा, पुढलं वादळ आलं तर घर जाईल, पत्रा जायचा नाही."

"मधलाच थोडा काढायचा झाला तर?"

"मधला कशाला काढायचाय तुम्हाला?"

मला वाटलं, अण्णा धसकलेत. स्वतःच्या डोळ्यांनी छप्पर उडताना बघितलेलं माणूस, विचारणारच ना? म्हणून मीही वर भर घातली. "बघा अण्णा, जागचासुद्धा हलणार नाही. आता तरी हो म्हणा."

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. ते पुन्हा कौलांशी जाऊन बसले.

गंमत म्हणजे आईलाही पत्रा नकोच होता. पण तिनं कारण सरळ सांगितलं. शेजारच्या यमूकाकीच्या घरावर पत्रा होता, ते तिला माहीत होतं. "पावसात यमूकडे गेलं की एकमेकींच्या कानात ओरडावं लागतं, रंजू. ढोल वाजवल्यागत. मी हाक मारली तर तुला ऐकू यायचं नाही."

तिचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की मी तिच्या खाटेखाली चटई टाकून झोपत होते.

मुकुंद मोठा खटपट्या. खाली समुद्राकडे एका रिसॉर्टचं काम वादळानं बंद पडलं होतं. त्याचा छपराचा माल गोदामात तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी तो एक नमुना घेऊन आला. डांबराची जाड पट्टी, वर बारीक खडी, रवा पेरल्यासारखी, विटकरी रंगाची.

"शिंगल्स," मुकुंद म्हणाला. "अमेरिकेत सगळी घरं याचीच असतात. वाशांवर आधी प्लाय ठोकायचा, वर कागद, त्याच्यावर ह्या एकावर एक. पावसाचा आवाज म्हणून येत नाही. माल मिळतोय, सुतार मिळतायत. फक्त दोनचार दिवस उघडीप पाहिजे."

त्यानं एका हातात पत्र्याचा तुकडा धरला, दुसऱ्यात ती पट्टी, आणि दोन्ही आईसमोर केले. लहानपणी आम्ही तिला 'कुठल्या मुठीत चिंच?' म्हणून विचारायचो तसं ते दिसत होतं. आईनं पत्र्याला बोट लावलं आणि मागे घेतलं. पट्टीवरून मात्र हात फिरवत राहिली.

"रंग छान आहे. आपल्या कौलांसारखा," ती म्हणाली. "हे घाला."

बाईनं किती दिवसांनी काहीतरी मागितलं होतं! मुकुंदचे डोळे भरून आले. त्यानं खोकला आल्याचं सोंग केलं.

अण्णा दारात उभे होते. "हे उचकटतं का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, हे तर पत्र्याच्या वरताण. खालून डिंक असतो. एकदा ऊन लागलं की सगळं एकजीव. वाऱ्याचं बोटसुद्धा शिरत नाही."

"मग तसं नको. असं करू या का रे," अण्णा आत आले, आवाज खाली घेऊन बोलू लागले, "सगळीकडे हे तुझं डांबर घाल. मी नाही म्हणत नाही. फक्त इथे, हिच्या खाटेवर, थोडी कौलं घालू. मी वेचून ठेवलीत. पुरतील तेवढी आहेत."

"ठिगळ लावायचं? नव्या छपराला? अहो, त्या जोडातून गळेल ते थेट आईच्या अंगावर!"

"मी गळू देत नाही. आयुष्यभर हे घर मीच शाकारलंय."

"आणि माकडं? दरवर्षीसारखी उड्या मारून कौलं फोडतील तेव्हा?"

मला आता राहवेना.

"तुमचं चाललंय तरी काय?" मी म्हटलं. "बायको भिजतेय, कळवळतेय, तिनं तोंडानं मागितलं हे घाला म्हणून, आणि तुम्ही कौलं कवटाळून बसलाय! जन्मभर तुमच्याच मनासारखं झालं ना सगळं? एवढं एक तिच्या मनासारखं होऊ द्या!"

बोलले खरं. अण्णांनी आईकडे बघितलं. आई त्यांच्याकडे बघत होती. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं आता मला फाडून खाणार. पण ते आईच्या पायावरची चादर नीट करून बाहेर निघून गेले. नंतर यमूकाकीनं सांगितलं, तिच्या मागच्या पडवीत जाऊन खूप वेळ बसले होते आणि चहा दिला तो तसाच ठेवून उठले.

देवानं उघडीप दिली. सुतारांनी झपाझप काम उरकलं. अण्णा त्यांना पाणी देत, खिळे देत, पण वर बघत नसत. शेवटची पट्टी बसली त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मुकुंदनं टाळी वाजवली. "चिकटलं बघ, ताई! आता बिनघोर."

त्यानंतर झड लागली. बाहेर धोधो, आणि ओटीवर नुसती कुजबुज. कोरडी चादर, कोरडी उशी. मी बादली उचलून मोरीत ठेवली आणि मोरीतच रडून घेतलं, सुखानं. आता ती सुखानं जाईल, असं मला वाटलं. आपल्या घरात, कोरड्या अंथरुणात. तिला हवं होतं तेवढं तरी आपण दिलं.

पण ती जाईना.

मला ते दिवस सांगता येत नाहीत. गोळी पोटात ठरेना, पाणी ठरेना. कळ आली की ती धनुष्यासारखी वाकायची आणि कळ गेली की पुढच्या कळीची वाट बघत पडायची. डॉक्टर पावसातून येऊन गेले, म्हणाले, "कधीही." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "कशावर आहेत कळत नाही." सुई दिली की घटकाभर बरं. नातेवाईक निरोप घ्यायला आले, कोपऱ्यात बसून राहिले, भातलावणी खोळंबली म्हणून परत गेले. तोंडात गंगाजल घालून झालं, तुळशीपत्र ठेवून झालं. मावशीनं तिला विचारलं, "द्वारके, कुणात जीव अडकलाय का गो? नातवंडाला बघायचंय?" नातवंडाला आणलं. आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

ती वर बघायची. कळ नसली की डोळे सताड उघडे आणि नजर वर, नव्या कोऱ्या प्लायवर. मला वाटे, तिला ते छप्पर आवडलंय.

एका सकाळी तिनं माझं मनगट धरलं. "सोडवा गो आता मला," ती म्हणाली. "यांना सांग."

"काय सांगू, आई?"

तिनं डोळे मिटले. मी अण्णांना जाऊन ते शब्द जसेच्या तसे सांगितले. अण्णा चुलीपुढे बसले होते. ते ताडकन उठले, कोनाड्यातली कुऱ्हाड घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. लाकडं फोडायला गेले असतील, असं मला वाटलं. तेवढ्या पावसात कसली लाकडं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी आईचं तोंड पुसत होते आणि वर धप्पकन आवाज झाला. मग आणखी एक. प्लायची धूळ चादरीवर पडली.

"मुकुंद!" मी किंचाळले. "अरे, अण्णा छपरावर आहेत!"

आम्ही दोघं खळ्यात धावलो. शिडी लावलेली. अण्णा अंगातल्या सदऱ्यानिशी चिंब भिजलेले, उतारावर गुडघे रोवून बसले होते आणि नव्या छपरावर घाव घालत होते. विटकरी पट्ट्यांच्या चिंध्या घरंगळत पन्हळीत येत होत्या. ते काही लाकूड नव्हे की एका घावात फुटावं. डांबर कुऱ्हाडीला धरून ठेवत होतं. ते ओढून काढायचे आणि पुन्हा घालायचे.

"वेड लागलंय त्यांना!" मुकुंद ओरडला. "अण्णा! खाली या! पडाल!"

यमूकाकी डोक्यावर गोणपाट घेऊन धावत आली होती. मुकुंद शिडीवर पाय ठेवतोय तर तिनं त्याचा दंड धरला.

"करू दे त्याला."

"काकी, सोडा! छप्पर फोडतायत ते, आई खाली आहे!"

"तिच्यासाठीच फोडतोय, मेल्या! तुमची आजी अशीच अडकली होती. जीव जायला वाट नव्हती. तेव्हा यानंच वर चढून तिच्या डोक्यावरचं कौल सरकवलं. आमच्यात असंच करतात. तुम्ही शिकलात, तुम्हाला कोण सांगणार?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. "मग बोलले का नाहीत ते? इतक्यांदा विचारलं!"

"तिच्यादेखत? तू भांडत होतीस, ती उशाशी ऐकत होती. जित्या बायकोसमोर तिच्या मरणाची सोय बोलून दाखवायची, रंजू?"

मुकुंद दंड सोडवून वर चढला. मीही अर्ध्या शिडीपर्यंत गेले. त्यानं मागून अण्णांची कुऱ्हाड धरली. दोघं बापलेक त्या निसरड्या उतारावर ओढाताण करत होते.

"अण्णा, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलंत! इंजिनं खोललीत! तुम्ही हे मानता?"

"मी काय मानतो ते जाऊ दे," अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "ती मानते."

मुकुंदचा हात सैल झाला.

"माझ्या आईच्या वेळेला खाली दिवा धरून तीच उभी होती. तेव्हाच मला म्हणाली, माझ्या वेळेला विसरू नका. आता रोज वर बघते ती. मी कधी काढतोय म्हणून बघते. आणि वर काय आहे? तुझं एकजीव!" ते एकदम रडू लागले. म्हाताऱ्या माणसाचं तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "मी तिला काय सांगू रे? उचकटत नाही म्हणून सांगू?"

पावसानं मुकुंदचा चष्मा पांढरा झाला होता, तो त्यानं काढून खिशात टाकला. मग अण्णांच्या हातातली कुऱ्हाड घेतली, त्यांना आढ्याकडे सरकवून बसवलं आणि स्वतः घाव घालायला लागला.

मी खाली पळाले. आईच्या खाटेशी गेले तर ती वर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कळा लागल्यापासून मी पाहिलं नव्हतं. लक्ष लागलं होतं तिचं. घाव पडला की पापणी हलायची. प्लायला तडा गेला, मग एक फाळका आत लोंबकळला, मुकुंदनं तो हातानं पिरगळून काढला. पुस्तकाएवढा उजेड ओटीत पडला. त्याच्या मागोमाग पाऊस, सरळ तिच्या छातीवर. मी खाट ओढायला वाकले तर तिनं मान हलवली, नको.

उजेडात अण्णांचं डोकं आलं.

"दिसतंय का गो?" त्यांनी विचारलं.

आईनं डोळ्यांनी हो म्हटलं.

"उशीर झाला. ही पोरं..." ते थांबले. "वाट केलीय आता. जा तू. माझी काळजी करू नकोस."

मी हे मानत नव्हते आणि अजून मानत नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, त्या दिवशी त्या जाणारच होत्या. म्हणोत. मी एवढंच सांगते की तिची मूठ उघडली. इतके दिवस चादर मुठीत धरून ठेवलेली होती, ती तिनं सोडली. नंतर एकदाच कळ आली, लहानशी.

पाणी तिच्या तोंडावर येत होतं. मी पदरानं पुसत होते. मग एकाएकी पडायचं थांबलं. पाऊस उघडला असं वाटून मी वर बघितलं. बाहेर तर तसाच कोसळत होता. यमूकाकीनं आपल्या घरून काळी छत्री आणून शिडीवरून वर दिली होती आणि अण्णांनी ती उघडून भोकावर धरली होती. टेकवली नव्हती, जरा वर, हातभर अंतर ठेवून, म्हणजे वाटही राहील आणि ती भिजणारही नाही. स्वतः पावसात. मुकुंदनं मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली होती, ते घसरू नयेत म्हणून.

तसेच बसून राहिले दोघं. खाली यमूकाकी आईच्या पायाशी बसली. आईचा श्वास लांब होत गेला, मग दोन श्वासांमध्ये थांबायला लागला. शेवटी मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले आणि तो आला नाही. यमूकाकीनं तिच्या नाकाशी बोट धरलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी वर बघितलं. छत्रीच्या काठावरून अण्णांचा हात दिसत होता, गारठून पांढरा पडलेला.

"अण्णा," मी म्हटलं. "गेली आई."

छत्री हलली नाही. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

"अण्णा, या आता खाली. गेली ती."

"कळलं," ते म्हणाले. "आधी तिला बाजूला घ्या, रंजू. मी छत्री काढली तर भिजेल ती."